ध्यान नोकरदारांसाठी नाही? मला हे पटत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, ध्यान हे निवांत माणसांचं काम. त्याला रोज दोन तास हवेत, शांत खोली हवी, मन विचारशून्य व्हायला हवं. नोकरी-संसारवाल्यांनी त्यापेक्षा सरळ झोप काढावी. हे वाचून लोक सुरुवातीआधीच माघार घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

निवांत माणसांचं काम. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रामुळे विपश्यना ही ध्यानपद्धत आपल्याकडे घरोघरी माहीत झाली. ती 1969 मध्ये भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका रंगूनचे व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर सरकारी हिशेबखात्यातले. 1937 मध्ये ध्यान शिकले तेव्हा ते नोकरीतच होते. 1948 मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि पुढे कचेरीतल्याच एका खोलीत कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवू लागले. महालेखापालाला निवांत कोण म्हणेल?

रोज दोन तास. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात, हे खरं. पण तो त्या परंपरेतल्या साधकांना दिलेला सल्ला आहे. नवख्यानं दहा मिनिटांनी सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

मन विचारशून्य हवं. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलंय. डोळे मिटून नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायला लागा. चार श्वास होतात न होतात तोच आठवतं, सिलिंडर नोंदवायचा राहिला. तिथून मन मुलाच्या फीवर, तिथून सकाळी साहेब जे बोलले त्यावर. भरकटल्याचं ध्यानात आलं की स्वतःवर न चरफडता पुन्हा श्वासावर यायचं. हे परत येणं हाच सराव. वीसदा भरकटलात आणि वीसदा परतलात, तर बसणं वाया गेलेलं नाही.

शांत खोली हवी. डोंबिवलीला लोकलमध्ये खिडकी मिळाली तर ठाण्यापर्यंत फोन बॅगेत ठेवून बघा. गर्दीचा गलका, स्टेशनांची घोषणा कानावर पडू द्या, श्वासावरचं लक्ष सोडू नका.

त्यापेक्षा झोप. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. झोप तोडून पहाटे चारला उठणं मलाही मान्य नाही. असा माणूस आसनावर पेंगतो. पण आज घरात कुणाला टाकून बोललो, का बोललो, हे झोपेत तपासता येत नाही. त्यासाठी रात्री ओटा आवरल्यावर पाच मिनिटं पुरतात. आणि झोपच लागत नसेल, उदासी हटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. ध्यानाच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका.