सांधा दिसतोच!
'इन्फिनिटी गॉन्टलेट' या मार्व्हलच्या कॉमिक्स-मालिकेच्या एकत्रित पुस्तकातलं चित्रांकन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखंच सरस आहे, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. १९९१च्या ६ अंकांपैकी पहिले ३ आणि चौथ्याचा काही भाग जॉर्ज पेरेझचा, पुढचं रॉन लिमचं. दर महिन्याला सुटा अंक वाचणाऱ्यांना ते खपून गेलं असेल; एका बैठकीत वाचताना सांधा डोळ्यांत भरतो. पेरेझच्या चौकटीत जत्रेएवढी गर्दी असली तरी प्रत्येक चेहरा वेगळा ओळखू येतो. लिम वाईट नाही हो, पण पानं एकदम ओकीबोकी वाटायला लागतात.

चौथा अंक मात्र भारीच. इतकी हाणामारी होते, मग सिल्व्हर सर्फर हा नायक खलनायक थॅनोसच्या हातातला तो सर्वशक्तिमान हातमोजा (म्हणजेच 'गॉन्टलेट') हिसकवायला झेपावतो आणि... हुकतो! तिथे मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसलो होतो.

आणि 'अव्हेंजर्स'चे सिनेमे बघून इकडे वळणाऱ्यांनी आधी 'थॅनोस क्वेस्ट'चे २ अंक (१९९०) वाचा. हातमोज्याला शक्ती देणारी रत्नं थॅनोसने कशी मिळवली ते त्यात आहे, नेहमीच्या संग्रहात नाही. एरवी, थॅनोस जिच्यावर भाळलाय त्या मृत्यूदेवीपुढची त्याची लाडीगोडी नुसती हास्यास्पद वाटते.