उन्हातला फ्लॅश, २०० की ६००: ‘भटका’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘भटका’ महोदय (खरं नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे इलाज नाही),

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. भर उन्हात पोर्ट्रेट करायची असतील तर ६०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) बॅटरीवर चालणारा फ्लॅश घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘हाय-स्पीड सिंक असताना २०० चा फ्लॅश भरपूर होतो. ६०० घ्यायला लावणं म्हणजे हमाली. लेखकाने उन्हात कधी काम केलेलं दिसत नाही.’ शिवाय एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळपट काच), रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा) आणि ‘सूर्य मॉडेलच्या पाठीमागे घ्या’ अशा तीन सूचना.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण ‘काम केलेलं दिसत नाही’ हे कुठून दिसलं तुम्हाला? सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत मी हे काम शिकलो, रोलच्या काळात. हातात मेट्झ ४५ चा हातोड्यासारखा फ्लॅश, आणि मंडपाबाहेर काढलेल्या फोटोत नवरीच्या डोळ्यांखाली काळं आलं तर रोलचे पैसे माझ्या पगारातून. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशचा पल्ला सांगणारा आकडा, ४५. त्याला लेन्सच्या एफ-आकड्याने (उघडीप लहान तितका आकडा मोठा) भागलं की अंतर येतं: १०० च्या फिल्मवर एफ/१६ ला पावणेतीन मीटर. त्यापलीकडे उभ्या मामा-मावश्या उन्हाच्या हवाली. हा भागाकार मी उन्हात उभा राहून शिकलोय, यूट्यूबवर नाही. असो.

आता तुमचं ते हाय-स्पीड सिंक, म्हणजे जलद शटरवरही फ्लॅश चालवायची सोय. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत शटर क्षणभर पूर्ण उघडतं आणि फ्लॅशचा अख्खा झोत एका दमात सेन्सरवर पडतो. हा साधा सिंक. त्याहून जलद गेलात की पहिला पडदा पुरता सरकायच्या आत दुसरा निघतो. उघडी राहते ती नुसती फट. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर फ्लॅशला भराभर लुकलुकत राहावं लागतं आणि त्यातला बराच उजेड बंद पडद्यावर आपटून फुकट जातो. साधारण दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा), म्हणजे चौथा हिस्सा उरतो. तुमच्या २०० चे झाले ५०. माझ्या ६०० चे १५०. म्हणजे हाय-स्पीड सिंकवरचा ६०० हा साध्या सिंकवरच्या २०० पेक्षाही कमी भरतो! ज्या सोयीच्या जोरावर तुम्ही छोटा फ्लॅश पुरेल म्हणता, तीच सोय मोठा फ्लॅश मागते. आणि शटर आणखी जलद केलं की ऊन कापलं जातं हे खरं, पण फटही तेवढीच अरुंद होते. फ्लॅश त्याच प्रमाणात घटतो, पदरात काही पडत नाही.

हे झालं नुसत्या दिव्याचं. वर सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावलात, आत दोन कापडं असलेला, की आणखी दीड-दोन स्टॉप गेले. स्वच्छ उन्हाचं एक्सपोजर आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि १/२०० ला एफ/११ च्या आसपास येतं. जोडपं पायापर्यंत फ्रेममध्ये हवं असेल तर दिवा दीड मीटरवरून तीन मीटरवर न्यावा लागतो. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. आता तुमच्या ५० मधून काय उरलं ते तुम्हीच मोजा. डोकं-खांद्यांपुरतं पोर्ट्रेट, दिवा उघडा आणि जवळ, साधा सिंक, एवढ्या अटी पाळल्या तर २०० चालतो. ते मी मूळ लेखातही नाकारलं नव्हतं.

वजनाबद्दल मात्र तुमचं अर्धं मान्य. गोडॉक्स कंपनीचा ६०० चा फ्लॅश, एडी६०० प्रो, सुमारे तीन किलोचा. तो स्टँडवर चढवला की वाळूची पिशवी लागते, नाहीतर पानशेतच्या काठावरचा वारा सॉफ्टबॉक्ससकट सगळं पाण्यात घालेल. पिशवीचं ओझं मी लेखात धरलं नव्हतं. धरा.

बाकीच्या सूचना. एनडी फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कापतो. १/२०० वर राहून लेन्स एफ/२.८ इतकी उघडी हवी असेल तर जरूर लावा, मी कुठे नको म्हटलंय? रिफ्लेक्टर धरायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला तुम्ही हमाल म्हणणार नाही अशी आशा आहे. सूर्य पाठीमागे घ्यायचा सल्ला डिसेंबरात उत्तम. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा पाठीमागे घ्यायला त्याला कुठून आणू? ‘मग दुपारी शूट करूच नका’ हे उत्तर मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना सांगून बघा.

आणि ‘लोकांना खर्चात घालता’ असाही एक शेरा तुम्ही जाता जाता मारलाय. आधी एक दिवस भाड्याने आणा, आपल्या सॉफ्टबॉक्समधून आणि आपल्या अंतरावरून वापरून बघा, मगच पैसे टाका, हे मी लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दोघांचाही वेळ वाचला असता.