‘त्रस्त लघुउद्योजक’ यांना: सात तारखेबद्दल

महोदय,

‘ठेकेदाराचा माणूस, मालकाचं मशीन’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली. चहा गार झाला. "असल्यांच्या तोंडी लागू नका," असं घरून सांगण्यात आलं. पण तुमच्या प्रतिक्रियेला माझ्या लेखापेक्षा जास्त लाइक पडलेत, तेव्हा गप्प बसलो तर लोक ती कबुली समजतील.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी दोन ओळी. मी लिहिलं होतं की प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून नग काढणाऱ्या मशीनच्या शेडमध्ये) ठेकेदारामार्फत आलेल्या हेल्परचं बोट गेलं, तर ‘तो आमच्या रोलवर नव्हता’ एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोलवर चौदा माणसं, ठेक्यावर चाळीस, ठेकेदाराकडे लायसन्स आहे, चलनं तो भरतो, तर अपघातही त्याचा. पीस रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेणारे, ते कामगार कसले? मशीनवरचे सुरक्षेचे गार्ड कामगारच काढतात. मोठ्या कंपन्या दरवर्षी रेट कापतात, सेन्सरला पैसे कुठून आणायचे? शिवाय माझा विसाचा आकडा चुकला आहे आणि मी लोकांना भीती घालून धंदा करतो. हे सगळं सुरू होण्याआधी तुमचं पहिलं वाक्य आहे: "ज्याला महिन्याच्या सात तारखेला पगार करावा लागत नाही, त्याने आम्हाला शहाणपण शिकवू नये."

आधी माझी चूक, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. ठेका कामगारांचा कायदा वीस माणसांपासून लागतो असं मी लिहिलं. मूळ १९७० च्या कायद्यात वीसच होते, पण महाराष्ट्राने तो आकडा बरीच वर्षं आधी पन्नासावर नेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही (व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता) पन्नासच आहे. तुमचं बरोबर, माझं चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. फक्त एक विचारतो. पन्नासाच्या आत लायसन्स लागत नाही म्हणून तुम्ही मला धारेवर धरलंत, मग तुमच्या चाळीस माणसांच्या ठेकेदाराने लायसन्स काढलं कशाला? जाऊ द्या. चूक माझीच होती.

आता ते वाक्य.

मतभेदाचं मला वावडं नाही. सोळा वर्षं लिहितोय, शिव्याही खाल्ल्या आहेत. पण नाव न लिहिता, गाव न लिहिता एक माणूस येतो आणि मी आयुष्यात काय केलं नाही ते मलाच सांगतो. वर ‘तुमच्यासारखे सल्लागार’. माझ्यासारखे म्हणजे कसे? तुम्ही मला पाहिलंत कधी?

मी १९८८ साली आयटीआय करून भोसरीत लागलो. पन्नास टनी प्रेसवर हेल्पर, मग ऑपरेटर, मग डाय सेटर (डाय म्हणजे साचा बसवणारा), मग सुपरवायझर. आजही रस्त्याने जाताना शेडमधून ठोक्याचा आवाज आला की मशीन चालू स्थितीत आहे की क्लचची पिन झिजली आहे, ते मला बाहेरून कळतं. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. म्हणजे खरं तर मिरवण्यासाठीच सांगतोय, कारण तुम्ही मला तशी वेळ आणलीत.

आणि सात तारीख. १९९८ ची दिवाळी आठ दिवसांवर होती. आमच्या लेबर ठेकेदाराने कंपनीकडून पगार आणि बोनसची रक्कम उचलली आणि तो गायब झाला. एकतीस माणसं गेटसमोर बसली. बहुतेक लातूर-नांदेडकडची, गावाकडच्या एसटीची रिझर्व्हेशनं झालेली. मालक बाहेरगावी. फोनवर म्हणाले, "मी ठेकेदाराला पैसे दिलेत. एकाच कामाचे दोनदा कसे देऊ?" मला तेव्हा हे म्हणणं अगदी रास्त वाटलं होतं. गेटवर जाऊन मी तेच सांगितलं. एक म्हातारा कामगार एवढंच म्हणाला, "साहेब, ठेकेदाराला आम्ही आणला का तुम्ही?"

अकाउंट्समधल्या आमच्या क्लार्कने कायद्याचं पुस्तक उघडून १९७० च्या कायद्याचं कलम २१ माझ्यासमोर ठेवलं. ठेकेदार पगार वाटत असेल तिथे मूळ कंपनीचा माणूस हजर हवा, त्याने वाटपाच्या नोंदीवर सही करायची. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर कंपनीने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. म्हणजे त्या टेबलावर दर महिन्याला मी हजर असायला हवा होतो. मी कधी गेलोच नव्हतो. ठेकेदार कोऱ्या मस्टरवर माझी सही घेऊन जायचा.

मालकांनी पैसे उभे केले, कसे ते त्यांनाच माहीत. वाटप मी केलं. गेटच्या आत टेबल टाकून, रात्री साडेदहापर्यंत, एकेकाची सही नाहीतर अंगठा घेत. आता तुम्ही म्हणाल पैसे तुमच्या खिशातले नव्हते. नव्हते, मान्य. पण सात तारीख म्हणजे काय ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही. आणि पन्नासाच्या आत असल्यामुळे कलम २१ आपल्याला लागू नाही असं मनात आलं असेल, तर वेतन संहितेचं कलम ४३ वाचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर आस्थापनेचा मालक जबाबदार. तिथे पन्नासाची अट नाही. थोडक्यात, तुमच्या सात तारखेत त्या चाळीस माणसांची सात तारीखही आहे. प्रतिक्रियेत तुम्ही फक्त चौदांची मोजलीत.

वाक्य मोठं झालं, उत्तरही मोठं झालं. बाकीचं आटोपतं घेतो.

‘अपघातही ठेकेदाराचा’. इथे तुम्ही दोन प्रश्नांची गल्लत करताय. नोकर कोणाचा हा एक प्रश्न, मशीन कोणाचं हा दुसरा. पहिल्यावर कोर्टात वीस-वीस वर्षं भांडणं चालतात आणि तिथे तुमच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ठेका बंद झाला म्हणून माणूस आपोआप तुमचा परमनंट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात २००१ साली सांगितलं. त्याआधी एअर इंडियाच्या खटल्यात उलट सांगितलं होतं, तो निकाल तेव्हा फिरवला. मात्र ठेका नुसता कागदी असेल, मालकाला पडदा म्हणून ठेकेदार उभा केला असेल, तर तो माणूस तुमचाच, हेही त्याच निकालात आहे. १९७८ सालचा कोळिकोडच्या दोरखंड कारखान्याचा निकाल पाहा. तिथेही मालक म्हणत होता की ही एकोणतीस माणसं ठेकेदारांची. कोर्टाने पडदा बाजूला केला. त्याच्याही आधी, १९६१ साली, नागपूरच्या बिडी कारखान्याचा. कामगार मनात येईल तेव्हा यायचे-जायचे, मजुरी नगावर, तरीही ते कामगारच ठरले. तुमचा ‘पीस रेटवर आहेत, कामगार कसले’ हा मुद्दा नवीन नाही. पासष्ट वर्षांपूर्वी आपल्याच नागपूरच्या एका कारखानदाराने तो मांडला आणि तो हरला.

पण माझा लेख पहिल्या प्रश्नावर नव्हताच. दुसऱ्यावर होता आणि दुसऱ्यात वाद फारच थोडा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ‘कामगार’ कोण, तर थेट नेमलेला किंवा ठेकेदारामार्फत आलेला. १९७६ साली त्यात शब्द घातले: मूळ मालकाला माहीत असो वा नसो. नव्या सुरक्षा संहितेतही ठेका कामगाराच्या व्याख्येत हेच शब्द आहेत. माहीत असो वा नसो! ‘मला ठाऊकच नव्हतं, ठेकेदाराने परस्पर माणूस आणला’ असं म्हणणारे तेव्हाही होते, म्हणून तर ते शब्द घालावे लागले. शेड तुमची, प्रेस तुमचा, डाय तुमची, वीज तुमची, टार्गेट तुमचं. ठेकेदाराचं त्यात काय आहे? त्याची मोटारसायकल बाहेर उभी असते तेवढीच.

नुकसानभरपाईतही तेच. १९२३ च्या कायद्यातच कलम १२ होतं: आधी मूळ मालकाने भरपाई द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची. त्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर या कायद्याऐवजी ईएसआयचा लाभ मिळतो, म्हणून ‘ठेकेदार चलन भरतो’ हे तुमचं वाक्य महत्त्वाचं आहे. भरतो ना? तुम्ही चाळीसही नावं चलनावर पाहिलीत? अपघात अकरा तारखेला आणि ईएसआयची नोंदणी बारा तारखेला, अशी प्रकरणं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. ईएसआयच्या कायद्यातही ठेक्यावरच्या माणसांची वर्गणी आधी मूळ मालकाने भरायची आहे. ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्या, कोण अडवतं?

‘गार्ड कामगारच काढतात.’ हो, काढतात. यावर मी वाद घालणार नव्हतो, पण तुम्ही ‘हे सल्लागारांना कधी कळणार’ असं पुढे जोडलंत.

मीसुद्धा काढला आहे. २००३ साली आम्ही दोन प्रेसना सेन्सर बसवले, हात आत असला की स्ट्रोक थांबतो तसले. पट्टी हाताने भरायची असली की सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा आणि पाळीला चार हजार नग निघेनात. बायपासची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. पहिल्या पाळीत सेन्सर चालू, साहेब लोक असायचे. दुसऱ्या पाळीत मी चावी फिरवायचो. कोणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. एका रात्री ठेक्यावरच्या मुलाची दोन बोटं गेली, कामाचा तिसरा दिवस होता त्याचा. पॅडलवर पाय होता आणि नग डायमध्ये अडकला म्हणून त्याने हात घातला. मशीनजवळ चिमटा होता, पण तो वापरायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. अपघाताच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात मी माझ्या हाताने लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मालकांनी वाचून सही केली. चावी परत ड्रॉवरमध्ये गेली. ती मी नोकरी सोडेपर्यंत तिथेच होती.

म्हणून म्हणतो, कामगार गार्ड काढतात हे मला सांगू नका. कोणत्या पाळीत काढतात, चावी कोणाकडे असते आणि तासाला किती नग मागितले होते, ते सांगा. आता तुम्ही विचाराल की चार हजारांचं टार्गेट मालकाला कोणी दिलं होतं. वरच्या कंपनीने दिलं होतं आणि रेट त्या वर्षीही कापला होता. तो तुमचा रेटचा मुद्दा. तो विषय फार मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथे तो आणून मूळ मुद्द्याला फाटे फोडायचे नाहीत.

हिशेबच करायचा तर हा करा. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे मालकाने कर्तव्य पाळलं नाही आणि त्यातून कोणी दगावलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निम्मी किंवा जास्त रक्कम जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. यालाच तुम्ही ‘भीती घालणं’ म्हणता. कलम मी लिहिलेलं नाही, संसदेने लिहिलं आहे. पुण्याजवळ उरवडेला ७ जून २०२१ ला कारखान्याच्या आगीत सतरा माणसं गेली, बहुतेक बायका. ती बातमी वाचून मला भीती वाटली होती. तुम्हाला वाटली नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा धीराचे.

भाषेबद्दल आणखी एक. ‘कन्सल्टंट लोकांची दुकानं’ हा शब्दप्रयोग तुम्ही तीनदा केला आहे. मोजला. माझं दुकान म्हणजे चिंचवडला जिन्याखालची एक खोली, एक प्रिंटर आणि दुपारी चहा आणणारा मुलगा. रागाच्या भरात लिहिलंत, समजू शकतो. मीही हे उत्तर आज तिसऱ्यांदा लिहितोय, पहिली दोन छापण्यासारखी नव्हती.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त तुम्ही ‘एका भेटीचे दहा हजार’ लिहिलंय ते चूक आहे. चार हजार घेतो आणि ज्यांचं मशीन खरंच धोक्याचं असतं त्यांच्याकडे बहुतेक वेळा फुकटच जाणं होतं, कारण ते पैसे देत नाहीत. तुमच्याकडेही फुकट येईन. नाव-पत्ता इथे नको, ईमेलवर कळवा. शनिवारी येईन, दुसऱ्या पाळीत, तुम्ही घरी गेल्यावर. वॉचमनला तेवढं सांगून ठेवा.

आपला,
ब्लॉगलेखक

ता. क. खाली ‘सातपूरकर’ यांनी विचारलंय की चौदा आणि चाळीस मिळून चोपन्न होतात, मग कारखाना म्हणून नोंदणीला कोणता आकडा धरायचा. चोपन्नच धरायचा. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी नव्या सुरक्षा संहितेत वीस माणसांची मर्यादा आहे, १९४८ च्या मूळ कायद्यात ती दहा होती. ठेक्यावरची माणसं दोन्हींत मोजायची.