समोर माणूस नाही, पण शेजारी चोवीस आहेत

नमस्कार,

‘पीव्हीपी सोडून मी रेडकडे का वळले’ या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. (पीव्हीपी म्हणजे ऑनलाइन खेळात खेळाडूने खेळाडूशी लढणं; रेड म्हणजे पुष्कळ जणांनी मिळून बॉसशी, म्हणजे संगणक चालवतो अशा बलाढ्य शत्रूशी लढणं.) दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रेड म्हणजे पाठांतराची परीक्षा. बॉसच्या चाली ठरलेल्या, उत्तरं यूट्यूबवर तयार. खरं कौशल्य समोर जिवंत माणूस असतो तेव्हाच कळतं. आणि शेवटचं वाक्य, जे मला लागलं: ‘हरायची भीती वाटणारे लोक रेडमध्ये लपतात.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. रेड करणाऱ्यांइतकं क्वचितच कोणी हरत असेल. 2017 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातला किलजेडन हा बॉस मिथिक या सगळ्यात अवघड पातळीवर जगात पहिल्यांदा पाडला मेथड या गिल्डने, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाने. त्याआधी ते वीस जण साडेसहाशेच्या आसपास वेळा मेले. आमच्यासारख्या नोकरी सांभाळून खेळणाऱ्या गिल्डचे आकडे असे नसतात. पण त्याच खेळातल्या उल्डुआर या रेडमध्ये मिमिरॉन या बॉसचं ते लाल बटण दाबून, म्हणजे लढाई आपणहून अवघड करून घेऊन, आम्हीही पाच आठवडे डोकं आपटत होतो. सगळे मेले, म्हणजे वाइप झाला, की पळत परत यायचं, खायचं, बफ, म्हणजे ताकद वाढवणारे मंत्र, लावायचे आणि पुन्हा पुल, म्हणजे बॉसला अंगावर घ्यायचं. एका रात्री पंधरा-पंधरा वेळा. भीती वाटणारा माणूस तिसऱ्या वाइपला लॉगआउट करतो, आणि असे लोक मी पाहिले आहेत.

आता ठरलेल्या चालींबद्दल. 2006 च्या जानेवारीत त्याच खेळातल्या आन किराज या रेडचे दरवाजे उघडले. आतला शेवटचा बॉस कथून. त्याच्या डोळ्यातून निघणारा किरण एका खेळाडूला लागला आणि दुसरा कोणी दहा यार्डांच्या आत असला, तर त्याच्यावर उडी मारायचा, तिथून तिसऱ्यावर, आणि प्रत्येक उडीला मार वाढत जायचा. चाळीस जणांतला एक जण दोन पावलं चुकला की काही सेकंदांत सगळी रेड आडवी. जगातल्या उत्तमोत्तम गिल्ड जवळपास तीन महिने त्याच्यावर आदळत राहिल्या, आणि शेवटी खेळ बनवणाऱ्यांनीच त्याला कमजोर केल्यावर, एप्रिलमध्ये तो पडला. चाली ठरलेल्याच होत्या.

हेही सांगते, की 2020 च्या टाळेबंदीत क्लासिक सर्व्हरवर, म्हणजे खेळाची जुनी आवृत्ती चालते तिथे, मी स्वतः कथूनसमोर उभी राहिले आणि आमच्या गिल्डने त्याला पहिल्याच रात्री पाडलं. चौदा वर्षांचं साठलेलं ज्ञान आणि तयार नकाशे हाताशी होते. त्या रात्री आनंद झाला, पण फारसा नाही. तयार उत्तरांनी रेडचा जीव कमी होतो हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण चाल ठरलेली आहे म्हणजे काम सोपं आहे, हे नाही पटत. तुम्ही ट्रेकिंग करता असं लिहिलं आहे, म्हणून विचारते. कोकणकडा उलट वार करतो का? तो आहे तिथेच आहे, त्याच्या वाटा आधीच्या लोकांनी चढून दाखवल्या आहेत, फोटो आहेत, माहिती आहे. तरी दोरावरच्या माणसाला ‘तू पाठांतर करतोयस’ असं कोणी म्हणत नाही. चढताना खरी परीक्षा दोर धरणाऱ्याच्या लक्षाची असते, आपल्या श्वासाची असते. पंचवीस जणांच्या रेडमध्ये मी हीलर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारी, आहे. माझ्यासमोर माणूस नाही हे खरं. पण शेजारी चोवीस माणसं आहेत, आणि ती अजिबात ठरलेली नाहीत. एकजण दिवसभराच्या ड्युटीने दमलेला असतो, दुसऱ्याचं मूल रडत असतं, तिसरा घाबरला की उजवीकडे पळतो. त्या उजवीकडे पळणाऱ्याला तो पळायच्या आधी हील टाकणं, हे माझं कौशल्य. समोरच्या माणसाचं मन ओळखून त्याला मारणं हे तुमचं. माणूस ओळखावा लागतो तो दोन्हीकडे.

माझ्या वळण्याचं दुसरं कारण अगदी साधं होतं: पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. 2009 साली ठाण्यातल्या घरून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना अडीचशे-तीनशे मिलिसेकंदांच्या खाली पिंग मिळत नसे. युरोपात हिवाळ्यात रात्री आठला रेड सुरू व्हायची तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असायचे. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, म्हणून मी माइकवर कुजबुजायचे. एरिनात, म्हणजे पीव्हीपीच्या आखाड्यात, त्या पिंगवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. समोरच्याचा कास्ट, म्हणजे मंत्र टाकणं, तोडायला मी बटण दाबेपर्यंत कास्ट पूर्ण झालेला असायचा. मी सराव केला, पुष्कळ केला, आणि तरीही एका भिंतीवर जाऊन थांबले. ती भिंत समुद्राखालच्या केबलची होती.

नाक्सरामास या रेडमधला हायगन हा बॉस आठवतो? जमिनीचे चार पट्टे, एक सोडून बाकी तिन्हींतून विष उसळतं, आणि सुरक्षित पट्टा सरकत राहतो: एक, दोन, तीन, चार आणि उलट परत. तीनशेच्या पिंगवर डोळ्यांनी पाहून हलायला गेले तर मी दर वेळी मरायचे. मग मी पाहणं सोडलं आणि मोजायला लागले. पाऊल उसळीच्या आधी टाकायचं, ताल मनात धरून. तिसऱ्या आठवड्यात मी अख्खा नाच जिवंत पार केला. व्हॉइस चॅटवर आमची गिल्डमास्टर, सत्तरीकडे झुकलेली, संधिवाताने बोटं आखडलेली एक स्कॉटिश बाई, म्हणाली की तीही असंच मोजते. तिची बोटं आणि माझी केबल, दोन्हींची अडचण एकच. ठरलेल्या चालींवर तुमचा राग आहे, पण त्या ठरलेल्या होत्या म्हणूनच आम्हा दोघींना तिथे जागा होती. याला तुम्ही लपणं म्हणालात, म्हणून मला लागलं.

एरिनाबद्दल आणखी एक मुद्दा मला मागच्या लेखात नीट मांडता आला नव्हता. 2007 मध्ये बर्निंग क्रुसेड या खेळाच्या विस्तारासोबत एरिना आलं तेव्हापासून त्याचं गणित असं आहे, की व्यवस्था तुम्हाला तुमच्याच तोडीच्या लोकांसमोर उभं करते. तुम्ही सुधारलात की समोरचेही वरचे येतात, आणि बहुतेकांचं जिंकणं-हरणं निम्म्या-निम्म्याच्या आसपासच फिरत राहतं. माझं रेटिंग वर जातं तेव्हा कोणाचं तरी खाली येतं. रेडमध्ये काल बॉसचा जीव चाळीस टक्क्यांवर असताना मेलो, आज बावीसवर, परवा नऊवर. ही उतरती संख्या पंचवीस जण एकत्र बघतात. आणि तो पडतो तेव्हा कोणाचीही संध्याकाळ खराब झालेली नसते. माझ्यासाठी हे फार मोठं आहे. मी जिंकल्यावर समोरचा माणूस आत्ता कुठेतरी चिडून बसला असेल, हा विचार मला कधीच सोडत नसे. तुम्हाला तो येत नाही, किंवा आलेला आवडतो, यात काही वाईट नाही. खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्येच खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. मारणाऱ्यांची संख्या फार वाढली की गप्पा मारणारे निघून जातात, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

ते प्रत्यक्षात घडलंही. 1997 साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळात गावाच्या हद्दीबाहेर कोणीही कोणालाही मारू शकत असे. खाणीतून धातू घेऊन येणाऱ्याला वाटेत मारून लुटणं हा काहींचा रोजचा उद्योग झाला. 2000 मध्ये त्याच जगाची दुसरी प्रत तयार केली, ट्रॅमल, जिथे संमतीशिवाय मारामारी नाही. बहुसंख्य लोक तिकडे गेले. जुनं जग ओस पडल्यावर तिथला थरारही गेला, असं म्हणणारे जुने खेळाडू आजही भेटतात, आणि त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. धोका असलेल्या जंगलात केलेली मैत्री वेगळी असते. पण खाणकामगाराला शिकार व्हायचं नव्हतं, एवढं त्याच्या जाण्यावरून कळतं.

रेडचं सगळंच गोड आहे असं मी म्हटलं नव्हतं, म्हणणारही नाही. माझ्या पहिल्या गिल्डमध्ये रेड लीडर चुकणाऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर ओरडायचा. मी तीन महिने जिच्यासाठी हजेरी लावली ती काठी, बॉस पाडल्यावर मिळणारी, त्याने एका रात्री आपल्या मित्राला दिली, आणि विचारलं तर मला गिल्डमधून काढलं. डॅमेज मीटर, म्हणजे कोणी किती मार दिला त्याचा तक्ता, दाखवून नवख्यांची लाज काढणारे लोक मी एरिनापेक्षा रेडमध्ये जास्त पाहिले आहेत. सहकार्याच्या नावाखाली चाललेला तो छळच, आणि त्याबद्दल मी वेगळं लिहीन.

माझा भाचा बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो, चौघांच्या स्क्वाडमध्ये. तो पीव्हीपीच म्हणायचा. मी त्याला सगळ्यात भारी मॅच विचारली. किती जणांना मारलं ते त्याला आठवेना. मित्राने गोळीबारात रांगत येऊन त्याला रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा उभं, केलं होतं, ते मात्र त्याने जागा दाखवून, हातवारे करून सांगितलं. तुमच्याही एरिनाच्या आठवणींत तुमचा जोडीदार असेलच ना? प्रतिक्रियेत त्याच्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत.

तुम्ही वॉरियर खेळता म्हणालात. आमच्या गिल्डला सध्या एक टँक, म्हणजे बॉसचा मार अंगावर झेलणारा, कमी आहे. दर शनिवारी रात्री साडेअकराला जमतो, तीन तास. ओरडणारं कोणी नाही. यूट्यूब न बघता आलात तर मला जास्त आवडेल. नवीन बॉस आम्ही पहिल्या रात्री तसाच खेळतो, काहीही न बघता, आणि मनसोक्त मरतो.