वरची खोली

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकतो, नाहीतर आज झोप यायची नाही. पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

बेळगावात आमच्या भागात एक जुनं वाचनालय आहे. नाव घेत नाही, उद्या परत त्याच जिन्याने पेपर वाचायला जायचंय. त्याला वर एक खोली आहे. तीन पंखे, त्यातला एक फिरतो. कॅरमचा बोर्ड आहे, त्याचं एक भोक रद्दीच्या बोळ्याने बुजवलंय. रविवारी संध्याकाळी तिथे पाल सोडून कोणी नसतं.

माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त, सगळी मिळून आठ पोरं. चार व्हीटीयूच्या म्हणजे इंजिनिअरिंगच्या परीक्षांत बुडालेली, दोन उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागलेली, एक निपाणीहून बसने येतो आणि एक गोकाकचा, त्याला मराठी सगळं समजतं पण बोलताना लाजतो. त्यांना ही खोली हवी होती. पंधरा दिवसांतून एकदा, दोन तास. आणि गाढवांनी अर्जात खरं लिहिलं! ‘क्रिकेटच्या जुन्या सामन्यांच्या आकडेवारीवर बेट लावणारे प्रोग्राम लिहिणे व एकमेकांचे तपासणे. पैसे लावले जाणार नाहीत.’ नुसतं ‘संगणक वर्ग’ लिहिलं असतं तर किल्ली हातात ठेवली असती.

अर्जाखाली मोठा माणूस म्हणून माझी सही, त्यामुळे आज कमिटीने मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग एकेक सुरू झाले. “अहो, सट्ट्याला वाचनालय द्यायचं? काय शिकवालाय पोरांना?” मी म्हटलं, पैसे नाहीत हो त्यात, अर्जात लिहिलंय. तर म्हणे, “आज नाहीत, उद्या येतील. तुमचे बाबा ह्याच खोलीत नाटकाच्या तालमी घ्यायचे.” बाबा काढले! माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आता ज्यांना हे बॉट प्रकरण, म्हणजे आपोआप बेट लावणारा प्रोग्राम, माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

२०१४ साली कंपनीने मला इंग्लंडात लीड्सला पाठवलं होतं, अकरा महिने. तिथे ऑफिसातला एकजण दर महिन्याच्या एका गुरुवारी एका पबच्या वरच्या खोलीत जायचा. मलाही नेलं. बायकोला फोनवर ‘पब’ एवढाच शब्द ऐकू गेला आणि पुढचे चार दिवस माझं काही खरं नव्हतं. मी संत्र्याचा रस प्यायचो, हे तिला आजही पटत नाही.

तिथे दहा-बारा माणसं असायची. शाळेत गणित शिकवणारा एकजण, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एक बाई, आणि निवृत्त बस ड्रायव्हर एक म्हातारा. सगळ्यांचा छंद एकच, बेटफेअरवर आपोआप बेट लावणारे प्रोग्राम लिहायचे. बेटफेअर म्हणजे २००० साली लंडनात निघालेली पैजांची बाजारपेठ. तिथे बुकी नसतो, माणूस माणसाशी पैज लावतो. घोडा जिंकेल म्हटलं की ‘बॅक’, जिंकणार नाही म्हटलं की ‘ले’. कंपनी जिंकणाऱ्याकडून कमिशन घेते, आणि फारच सातत्याने जिंकलात तर २००८ पासून वर जादा आकारही लावते. (आपल्याकडे दलालाची अडत असते ना, तसंच. फक्त इथे शहाण्या शेतकऱ्याला जास्त अडत.) प्रोग्रामला थेट बाजारात शिरायला अधिकृत दार ठेवलेलं आहे, म्हणून हौशी लोक रात्री जेवण झाल्यावर बॉट लिहीत बसतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हे लोक आता कोण किती जिंकलं ते सांगणार. छाती पुढे काढून. म्हाताऱ्याने पिशवीतून कागद काढले. तीन पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. बॉटने काय काय केलं त्याची नोंद. वर वेळ १४:३७:०१, शेजारी ‘ले’, २ पौंड, भाव ४.०. खाली १४:३७:०२, तेच. १४:३७:०३, तेच. पानभर तेच, दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि डागाच्या आतही तेच.

झालं होतं असं, की बॉटने बेट पाठवली, पण ‘पोचली’ असं उत्तर वेळेत आलं नाही. बॉटला वाटलं गेलीच नाही. त्याने परत पाठवली. सेकंदाला एक, १४३ वेळा. ४ चा भाव म्हणजे जिंकणाऱ्याला मुद्दल धरून चौपट, त्यामुळे त्या भावाने २ पौंडाची ‘ले’ म्हणजे घोडा जिंकला तर प्रत्येक बेटमागे ६ पौंड खिशातून. घोडा जिंकला. ८५८ पौंड. तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, तुम्हीच हिशेब करा. अडीच मिनिटांत.

आणि तो माणूस ते कागद सगळ्यांच्या हातात देत होता! लपवत नव्हता. कोणी हसलं नाही. खोलीत पानं उलटल्याचाच आवाज. मग त्या लॅबवाल्या बाईंनी विचारलं, प्रत्येक बेटला स्वतःची खूणचिठ्ठी लावली होतीस का? म्हणजे तीच चिठ्ठी परत आली तर बाजारच दुसरी बेट घेत नाही. तशी सोय आहे. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. एवढंच. मग गणिताच्या मास्तरने त्याला बिअर पाजली आणि पुढच्याचे कागद निघाले.

एका छंदाच्या माणसांची अशी बैठक, ह्याला मी मीटअप म्हणतो.

आता कमिटीवाल्यांनो, तुमच्याच वाचनालयाचं बोलू. मागच्या महिन्यात खालचा हॉल कोणाला दिला होतात? आठवतंय? ‘घरबसल्या उत्पन्न’ असा बोर्ड लावून, माणशी १,४९९ रुपये घेऊन, कोट घातलेला एकजण आला होता. भाडं तुम्ही मोजून घेतलंत. पुतण्या आणि निपाणीचा पोरगा, दोघे पैसे भरून गेले होते. त्या माणसाने पडद्यावर आयपीएलवर चालणारा ‘बॉट’ दाखवला. दाखवला म्हणजे काय, फोनचे फोटो दाखवले, सगळे हिरवेगार, म्हणजे नफ्याचेच. प्रोग्रामची एक ओळ नाही. टेलिग्रामच्या ग्रुपला जोडून घ्या, महिन्याला एवढे भरा, बाकी बॉट बघेल. निपाणीच्या पोराने हात वर केला. म्हणाला, “सर, एखादा लाल दिवस दाखवा की.” तर तो कोटवाला सगळ्यांसमोर हसला आणि म्हणाला, असल्या नकारात्मक विचारानेच आपली माणसं मागे राहतात.

त्या माणसाला हॉल. आणि लाल दिवस मागणाऱ्या पोराला नकार.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, कौशल्य असो की नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, नुसती जाहिरात करणाऱ्याला दोन. तो कोटवाला तुमच्या छपराखाली काय करत होता ते एकदा वाचा त्यात. वाचनालयच आहे ना ते?

(मला माहीत आहे, आता कोणीतरी खाली लिहिणार, ‘तुम्हीपण शेवटी जुगाराचीच बाजू घेताय.’ घ्या, मान्य. जुगार तो जुगार, घोडा असो की कसोटी. आणि होय, हाँगकाँगच्या घोड्यांवर बिल बेंटरने संगणकाच्या जोरावर खरोखर अमाप पैसा केला, त्याचं नाव ऐकून हजारो बुडाले असतील. पुढे चला.)

सीमेवर राहून ह्या कायद्यांची गंमत आपण बघितलीय. २०२१ च्या ऑक्टोबरात कर्नाटकाने ऑनलाइन जुगारावर बंदी घातली, तेव्हा आमच्या गल्लीतली दोन पोरं गाडीवर टांग टाकून शिनोळीला जायची. महाराष्ट्रात शिरलं की फोनवरचं फँटसी क्रिकेटचं अ‍ॅप म्हणायचं, या. टीम लावायची, चहा प्यायचा, परत. चार महिन्यांत हायकोर्टाने ती बंदी उडवली आणि त्यांचं पेट्रोल वाचलं. सीमाप्रश्नाचा असा फायदा आणखी कोणाला झाल्याचं मला माहीत नाही.

पण बंदीने पोरांच्या डोक्यातला आकडा जात नाही हो. आपल्याकडे तो फार जुना आहे. माझे थोरले काका वडगावला माग चालवायचे. दोन माग. दुपारी जेवून झाल्यावर चहाच्या टपरीवर कल्याण मटक्याचा चार्ट उघडून बसायचे, चार-पाच जण, डोक्याला डोकं लावून. ओपन काय, क्लोज काय, मागच्या मंगळवारी कुठली जोडी आली. मटका म्हणजे मुळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लावायचा आकडा, आणि विणकर आमचे काका. त्यांना ते कधी माहीत नसावं. तर त्या टपरीवर रोज बैठक भरायची, वर्षानुवर्षं. मीटअपच की! फक्त तिथे हरल्याचं कोणी बोलायचं नाही. एक माग एके दिवशी दिसेनासा झाला. काकूला सांगितलं, बिघडला, दुरुस्तीला दिलाय. काका गेल्यावर ट्रंकेत वही सापडली, आणि वहीत माग कोणाला कितीला दिला ते. काकू ती वही बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. उघडली नाही परत.

काकांच्या हातात त्या म्हाताऱ्यासारखे तीन कागद असते आणि ते वाचायला कोणी असतं तर. जाऊ दे.

आमची पोरं काय करणार होती ते तरी ऐका. क्रिकशीटवर चेंडू-चेंडूची आकडेवारी फुकट मिळते. ती घ्यायची, आपापला प्रोग्राम लिहायचा, आणि होऊन गेलेल्या मॅचवर त्याला खोट्या पैशाने बेट लावायला सांगायचं. ज्याचा प्रोग्राम जास्त बुडाला त्याने सगळ्यांना कुंदा आणायचा. (हा कुंदा कायद्यात कुठे बसतो ते वकील मित्रांनी कळवावं.) मी त्यांना केलीचं सूत्र समजावलं होतं. किती पैसा लावावा ह्याचं सूत्र आहे, १९५६ चं, म्हणजे आपल्या सीमाप्रश्नाच्या दुखण्याच्याच वयाचं. त्यात गंमत अशी, की तुमच्याकडे खरोखर काही जास्तीची माहिती नसेल तर उत्तर शून्य येतं. लावू नकोस. गोकाकच्या पोराने ते प्रोग्राममध्ये घातलं आणि त्याच्या बॉटने अख्ख्या हंगामात एकही बेट लावली नाही. पोरगा घाबरून माझ्याकडे आला, कन्नड-मराठी मिसळून सांगायला लागला, काका, कुठेतरी चुकलंय. दोन तास बघितलं आम्ही. काहीही चुकलं नव्हतं.

तो दिवसभर हिरमुसला होता. मला मात्र त्या म्हाताऱ्याला फोन करून हे सांगावंसं वाटलं. त्याचा नंबर मी कधी घेतलाच नाही.

सकाळी लिहायला बसलो तेव्हा कमिटीला बरंच काही सुनवायचं होतं. आता इतका राग नाही. त्यातल्या एकांचा मुलगा ह्याच नादात कर्जात गेलाय, अख्ख्या गल्लीला माहीत आहे आणि त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. म्हणून त्यांनी सगळ्यात जोरात नाही म्हटलं असेल. मी तिथे कायदा आणि अर्ज घेऊन बसलो होतो, हे माझ्या लक्षात जिना उतरताना आलं. तरी खोली द्यायला हवी होती. त्यांनीही वर येऊन बसायला हवं होतं एकदा.

असो. पोरांना कळवलंय. ह्या रविवारी साडेपाचला, उद्यमबागेत माझ्या शेडमध्ये. लेथ बंद असतो त्यामुळे आवाज नाही, तेलाचा वास आहे. खुर्च्या सातच आहेत, एकाने कूलंटच्या डब्यावर बसायचं. नियम एकच ठेवलाय, पहिल्यांदा प्रत्येकाने आपला सगळ्यात वाईट कागद काढायचा. कोटवाल्याच्या ग्रुपमध्ये किती घातले ते पुतण्यानेही सांगायचं. अजून मला सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही.

सुरुवात मला करावी लागणार. लीड्सच्या शेवटच्या दोन महिन्यांत मीही एक बॉट लिहिला होता. पन्नास पौंड घातले होते, एकतीस गेले. प्रिंट अजून आहे, पासपोर्टच्या जुन्या पाकिटात, घडी घालून. बारा वर्षांत कोणालाच दाखवलेला नाही.

बायको फेसबुकवर आहे. वाचेलच.