‘युनिटटेस्ट संपले, पायटेस्टच घ्या’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

कोल्हापुरातील पायथॉन वापरणाऱ्यांच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर पुढे पाठवला जात आहे. युनिटटेस्ट आणि पायटेस्ट या पायथॉन भाषेतला कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या लिहिण्याच्या व चालवण्याच्या दोन चौकटी. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : युनिटटेस्ट ही जावा या दुसऱ्या भाषेतील साधनाची नक्कल असून त्याचा विकास थांबला आहे, पायटेस्टमध्ये चाचण्या वेगाने चालतात, म्हणून जुन्या चाचण्या ताबडतोब पायटेस्टच्या पद्धतीने नव्याने लिहाव्यात, आणि शिकणाऱ्याने युनिटटेस्टच्या वाटेला जाऊ नये. नवे काम हाती घेताना मी स्वतः पायटेस्टच निवडतो. तरीही हा मजकूर मला घातक वाटतो, कारण दूध संस्था, फौंड्री किंवा गुळाच्या अडतीसाठी सॉफ्टवेअर करणारी इथली दोन-चार जणांची कंपनी त्यावर विसंबून नीट चालणाऱ्या चाचण्या मोडून बसेल.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. युनिटटेस्टची घडण केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिट या जावाच्या चाचणी-चौकटीवर बेतलेली आहे आणि ‘असर्टइक्वल’ (दोन किमती सारख्या आहेत का ते पाहणे), ‘सेटअप’ (चाचणीआधीची मांडणी) ही नावे तिथूनच आली आहेत. मात्र जेयुनिटचे मूळही बेक यांनी आधी स्मॉलटॉक भाषेसाठी केलेल्या एसयुनिटमध्ये आहे. 2001 साली पायथॉन 2.1 मध्ये आलेल्या या साधनाचा विकास थांबलेला नाही. पायथॉन 3.3 मध्ये मॉक (खऱ्या भागाच्या जागी ठेवायची नकली वस्तू), 3.4 मध्ये सबटेस्ट (एका चाचणीच्या आत अनेक छोट्या तपासण्या), 3.8 मध्ये असिंक, म्हणजे एकमेकांची वाट न अडवता चालणाऱ्या कोडच्या चाचण्यांसाठी वेगळा वर्ग आणि 3.12 मध्ये सर्वांत संथ चाचण्या दाखवणारा पर्याय त्यात आला. खरोखर थांबलेले साधन म्हणजे नोज ही पायथॉनचीच आणखी एक चाचणी-चौकट, जिची शेवटची आवृत्ती 2015 ची आहे आणि जी पायथॉन 3.10 वर चालत नाही. ‘संपले’ हा शब्द तिला लागू पडतो.

वेगाचा दावा तर मुळातच चुकीचा आहे. चाचण्यांचा वेळ बहुतेक डेटाबेस, नेटवर्क आणि फाइलींत जातो, आणि तो चौकट बदलल्याने कमी होत नाही. उलट पायटेस्टला प्लगइन (जोड-साधने) चढवणे आणि असर्ट विधानांची (‘हे खरे असलेच पाहिजे’ असे तपासणाऱ्या ओळींची) अंतर्गत फेररचना करणे हे जादा काम असते. एकाच वेळी अनेक प्रक्रियांत चाचण्या चालवायच्या असतील तर पायटेस्टलाही एक्सडिस्ट हे वेगळे प्लगइन लागते, आणि जँगो या वेबसाइट बनवण्याच्या पायथॉन साधनसंचाचा युनिटटेस्टवर उभा असलेला रनर (चाचण्या चालवणारा भाग) ती सोय स्वतःच देतो.

पायटेस्टचा खरा फायदा मजकुरात कुठेच नाही, तो असा. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन पदार्थ) या पायावर ठरतो आणि त्याच्या वर-खाली तक्त्याप्रमाणे बदलतो. पॅरामेट्राइझ ही एकच चाचणी अनेक किमतींवर चालवण्याची पायटेस्टची सोय वापरून या तक्त्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र चाचणी करता येते, त्यामुळे नेमकी कोणती ओळ चुकली ते नावानिशी कळते आणि प्रत्येक ओळीला स्वतःची कोरी मांडणी मिळते. सबटेस्टमध्ये सगळ्या ओळींना मिळून सेटअप एकदाच चालतो. शिवाय साधे असर्ट लिहिले तरी पायटेस्ट दोन्ही बाजूंच्या किमती उलगडून दाखवते. युनिटटेस्टमध्ये असर्टट्रू वापरून तुलना केली, तर ‘असत्य हे सत्य नाही’ एवढाच संदेश हाती लागतो.

पण याच दूध बिलात पायटेस्टची एक सोय अंगाशी येऊ शकते. ‘अप्रॉक्स’ ही जवळपासची बरोबरी तपासणारी सोय मूळ स्थितीत दहा लाखात एक एवढा सापेक्ष फरक चालवून घेते. संस्थेचे दहा दिवसांचे बिल 2,50,000 रुपये असेल, तर 25 पैशांची चूक त्या चाचणीतून बिनबोभाट पार होते. युनिटटेस्टचे ‘असर्टऑलमोस्टइक्वल’ दोन आकड्यांतला फरक सात दशांश स्थळांपर्यंत पाहते, त्यामुळे तिथे ही चूक पकडली जाते. पैशासाठी चौकट कोणतीही असो, डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा पायथॉनचा प्रकार) वापरून काटेकोर बरोबरीच तपासावी, हे माझे ठाम मत आहे.

सर्वांत धोक्याचा सल्ला जुन्या चाचण्या नव्याने लिहिण्याचा आहे, आणि त्याची गरजही नाही, कारण टेस्टकेस या युनिटटेस्टच्या मूळ वर्गावर आधारलेले वर्ग पायटेस्ट बहुधा जसेच्या तसे चालवते. मर्यादा एवढीच की त्या वर्गांतील मेथडना (वर्गातल्या फंक्शनांना) पॅरामेट्राइझ किंवा पॅरामीटर म्हणून दिलेली फिक्स्चर (पायटेस्टची चाचणीआधीची तयार मांडणी) वापरता येत नाहीत. घाईने हलवाहलव केली तर दोन गोष्टी निसटतात. युनिटटेस्टचा शोध ‘टेस्ट’ने सुरू होणारी कोणतीही फाइल उचलतो, पायटेस्टला मूळ स्थितीत ‘टेस्ट’नंतर किंवा त्याच्या आधी अंडरस्कोअर लागतो. म्हणजे ‘टेस्टबिल’ अशी जोडून नाव दिलेली फाइल पायटेस्ट पाहतच नाही, बाकीच्या चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) दिसतात आणि बिलाची तपासणी बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे, युनिटटेस्ट मेथड वर्णक्रमाने चालवते आणि पायटेस्ट फंक्शने फाइलमधल्या क्रमाने. एका चाचणीने मागे ठेवलेल्या नोंदीवर दुसरी अवलंबून असेल, तर ती रूपांतरानंतर कोसळते. तेव्हा आधी आणि नंतर एकूण किती चाचण्या चालल्या हा आकडा ताडून पाहावा, आणि ज्या फाइलला तसाही हात लावायचा आहे तेवढीच बदलावी.

उरला शिकणाऱ्यांचा मुद्दा. पायथॉनच्या स्वतःच्या भांडारातील बहुतांश चाचण्या युनिटटेस्टमध्ये आहेत, जँगोचा टेस्टकेस त्यावरच बेतलेला आहे, आणि पायटेस्ट वापरणारेही मॉकसाठी बहुधा युनिटटेस्टमधलेच साधन आयात करतात. शिवाजी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिल्याच नोकरीत असा जुना कोड दुरुस्त करावा लागण्याची शक्यता मोठी आहे.