जखम नसली तरी जंतू आत जातात

पलूस-वाळव्याकडच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जंतू फक्त जखमेतून शिरतात, कातडी आणि आतडं शाबूत असेल तर माणसाला जुलाब होत नाहीत आणि म्हशीला दगडीही (जंतूंमुळे येणारी कासेची सूज) होत नाही, जंतू पेशीला भोक पाडतात, ते हळदीने बुजतं, आणि दूध साफ दिसलं की इंजेक्शनं बंद करा. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, घरी चार म्हशी आहेत. माझ्या चुलत्यांनीच हा मेसेज विश्वासाने पुढे पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

धनुर्वाताचा जंतू जखमेतून जातो, हे खरं. पण जुलाबाचा साल्मोनेला शाबूत आतड्याच्या अस्तरावर येऊन टेकतो. त्याच्या अंगावर सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून तो आपली प्रथिनं पेशीत टोचतो. पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या धाग्यांची मांडणी ही प्रथिनं बदलून टाकतात. मग पेशीचा पृष्ठभाग लाटेसारखा उसळतो, जंतूवर दुमडतो आणि त्याला गिळून घेतो. काही मिनिटांत! गिळते पेशीच, जंतू ते तिच्याकडून करवून घेतो.

म्हणजे भोकाची गोष्टही अर्धवट आहे. सुईच्या टोकाशी पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, सूक्ष्म छिद्र पडतं, पण त्यातून जातात ती प्रथिनं. अख्खा जंतू आत येतो तो पटलाच्याच पिशवीत गुंडाळलेला. बुजवायचं काय?

शिवाय सगळ्यांना सुई लागते असंही नाही. १९८५ साली इसबर्ग आणि फाल्को या शास्त्रज्ञांनी येर्सिनिया या रोगजंतूचा एक जनुक ई. कोलाय या जंतूच्या निरुपद्रवी जातीत घातला, आणि तो ई. कोलाय माणसाच्या पेशींत शिरू लागला. ना जखम, ना भोक. त्या जनुकाचं प्रथिन पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. एरवी पेशी आपल्या आधाराला धरून राहते ती याच इंटिग्रिनने. जंतू तोच हात पकडतो. वर्गात हा प्रयोग सांगताना मला आजही शहारा येतो.

आता दगडी. सडाला चीर नसली तरी सडाचं तोंड असतंच, आणि धार काढल्यावर ते लगेच मिटत नाही. अर्धा तास तरी जातो. तेवढ्यात म्हैस शेणात बसली की स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंना वाट मिळते. हा जंतू फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा पूल करून इंटिग्रिनला धरतो आणि कासेच्या पेशीत जाऊन लपतो. पेनिसिलिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं पेशीच्या आत नीट पोहोचत नाहीत. दूध साफ दिसतं, गुठळ्या जातात, पण आतला जंतू जिवंत असू शकतो. इंजेक्शनं मध्येच सोडली तर तोच पुन्हा उठतो. आमच्या गल्लीत एका म्हशीचं सड असंच कायमचं आटलं. त्या घरचा दुधाचा पैसा पोरीच्या फीला जायचा.

सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे. पण लेप बसतो कासेच्या कातडीवर आणि जंतू असतो आत, दूध तयार करणाऱ्या पेशीत.

काकांना मी सांगितलंय: धार झाली की सडं जंतुनाशकात बुडवा, लगेच वैरण टाका, म्हणजे म्हैस उभी राहील. आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस इंजेक्शन द्या.